टॉबिनसाहेबाची साखळी

उमरगा, ५ ऑगस्ट २०२४

ती. दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच लेकीच्या हातात दिलं असेल. तर शिवांजली, बाई, हे तुझ्या वडिलांना मोठ्यानं वाचून दाखव. ते पेपर वाचत असल्याचं सोंग करतील. करू दे.

अकरा वर्षांनी लिहितोय. घाबरू नका, कुणी गेलेलं नाही आणि वाटणीचंही काही नाही. मला मोजणीतलं एक विचारायचं आहे, आणि मोजणी खात्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

प्रश्न असा: साखळीनं जमीन मोजताना लबाडी करायची झाली तर ती नेमकी कशी करतात?

लिहून झाल्यावर वाक्य वाचून पाहिलं. तुम्हाला विचारायला हे वाक्य बरं नाही, हे मलाही कळतं. पण याहून बरं सुचेना. स्वयंपाकघरातून तारामती म्हणाली, "अकरा वर्षं गप बसलाव, आता इचारायचंय तर सरळ इचारा. वळसे घालायला काय प्रदक्षिणा हाय का?" म्हणून सरळ विचारलं.

निमित्त आपल्या गावचं आहे. सरपंच सध्या अयोध्याताई आहेत. त्यांनी या दसऱ्यापासून 'टॉबिनसाहेब प्रामाणिक अधिकारी पुरस्कार' द्यायचं ठरवलंय. तालुक्यातून अर्ज मागवले. तीन आले, तिन्ही अधिकाऱ्यांनी स्वतःचे स्वतःच भरले होते. चौथ्याची शिफारस त्याच्या बायकोनं केली. समारंभात वाटायला साहेबाच्या चरित्राची एक पुस्तिका हवी आहे, आणि जिल्ह्यात चेष्टा करून पोट भरणारा लेखक मी एकटाच असल्यामुळं गंभीर काम माझ्याकडं आलं.

साहेबाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पण आपल्याला माहीत आहे ते आधी कागदावर मांडावं आणि मग त्यातलं खरं किती ते बघावं, असं दैवशाला मॅडम म्हणतात. त्या इथल्या कॉलेजात इतिहास शिकवतात. म्हणून मांडतो. निजामानं हा मुलूख सात वर्षं इंग्रजांकडं दिला होता, १८५३ ते १८६०. त्या सात वर्षांत आपल्या शिवारात टॉबिन नावाचा एक तरणा साहेब मोजणीला आला. गाव सांगतं, साहेब देवमाणूस. त्यानं मोजलेल्या शेतात कागदावर आठ एकर असले तर औत धरल्यावर नऊ भरायचे. जाताना त्यानं आपली लोखंडी साखळी मारुतीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "याच्यापेक्षा खरं माझ्याकडं काही नाही." तेव्हापासून दसऱ्याला आपण ती साखळी गावच्या शिवेवर आडवी पसरतो आणि तिच्यावरून ओलांडून सीमोल्लंघन करतो. अख्ख्या मराठवाड्यात ही पद्धत दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही.

आठाचे नऊ भरतात, हा देवमाणसाचा पुरावा की आणखी कशाचा, हे पन्नास वर्षांत मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. मॅडमनी परवा विचारलं. म्हणून तुम्हाला विचारतोय.

आपला,
बिभीषण


उमरगा, २४ ऑगस्ट २०२४

ती. दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पोस्टमन दिसला की मी गेटापर्यंत जातो, हे तारामतीच्या लक्षात आलंय.

मॅडम हैदराबादला जाऊन आल्या. तिथल्या दप्तरखान्यात टॉबिनवरच्या चौकशीचे कागद निघाले. एकशेवीस पानं. त्यांनी त्याच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचा देव निलंबित होता."

हकिकत अशी. टॉबिन सव्विसाव्या वर्षी फौजेतून मोजणीवर आला. पगार बेताचा, त्यात घोडे दोन आणि कुत्री पाच. सुरुवातीची दोन वर्षं वरिष्ठांचे शेरे उत्तम: मेहनती, अक्षर सुरेख. तिसऱ्या वर्षापासून घोडे सहा. वरिष्ठांनी कुत्र्यांची चौकशी केली, घोड्यांची नाही, असं मॅडम म्हणतात. आमचं पटतं ते अशा बोलण्यामुळं.

१८५८ साली ओढ्यापलीकडच्या गावातल्या एकोणीस शेतकऱ्यांनी अर्ज दिला. साहेबाकडं दोन साखळ्या आहेत. ज्यांच्याकडून 'समजूत' येते त्यांना एक, आणि आमच्यासारख्यांना दुसरी. वर्षभर चौकशी चालली. साहेबानं आपली साखळी हजर केली, तपासली, बरोबर निघाली. शेतकरी म्हणाले, ही ती नव्हे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं दुसरी साखळी कुठं आहे, हे त्यांना दाखवता येईना. पुराव्याअभावी साहेब सुटला. मग राजीनामा देऊन विलायतेला गेला, बागबगीचा असलेलं घर घेतलं आणि 'नेटिव लोकांचा अप्रामाणिकपणा' या विषयावर तिकडं व्याख्यानं दिली.

दादा, मला दोन रात्री झोप नाही. जी दुसरी साखळी वर्षभर शोधून इंग्रज सरकारला मिळाली नाही, ती आपण एकशेपासष्ट वर्षं हळदकुंकू लावून सांभाळली असेल तर? असा घोटाळा दुसऱ्या कुठल्या गावाला जमेल? मुद्देमालाची आरती!

पण खात्री कशी करायची? म्हणून तो प्रश्न. त्यात दुसरं काही नाही.

आपला,
बिभीषण


उमरगा, १० सप्टेंबर २०२४

ती. दादा,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतं, ही बातमी मला त्याच्यामुळं कळली.

"साखळी लांब केली की जमीन कागदावर कमी दिसते. सारा कमी. आखूड केली की उलट. खरी साखळी तेहतीस फूट, तिचे सोळा भाग म्हणजे आणे, दर आण्याला खुणेची पितळी फुली. नुसती लांबी बघू नको, कड्या मोज. झिजलेली सगळीकडं झिजते, वाढवलेली एकाच जागी वाढते."

ना 'चि.', ना आशीर्वाद, ना सही. पण सहा वाक्यं! मी हिशोब मांडून बघितला. साखळी पस्तीस फुटांची केली की नऊ एकर जमीन कागदावर आठ दिसते. आपल्या गावचं गाणं तंतोतंत जुळतं. आणि एकतीस फुटांची केली की सात एकरांचे आठ होतात. ते ओढ्यापलीकडचं गाणं असणार. त्यांच्याकडं अजून साहेबाच्या नावानं बैलाला शिव्या देतात, तुम्ही ऐकल्या असतील.

टेप घेऊन गावाला गेलो. धोंडीबा गुरव देवळाच्या पायरीवर बिडी ओढत बसला होता.

"धोंडीबा, साखळी जरा मोजायची होती."

"का? तुटली का काय?"

"तुटली नाही. किती लांब आहे ते बघायचं."

"देवाची हाय तेवढी हाय. मारुतीची शेपूट मोजलीव का कदी?"

"अरे, शेपूट वेगळी..."

"ह्ये बगा, साखळी दसऱ्याबिगर भुईला लागत न्हाय. आन् तुमच्या घरात एक मापाडी झाला, तेवढं बास न्हाय व्हय गावाला?"

मी टेप खिशात घातली. तीस वर्षं लोकांना बोलतोय, पण धोंडीबाची एक चपराक माझ्या वर्षभराच्या लिखाणाला भारी आहे. तो तुमच्याबद्दल बोलला, पण बघत माझ्याकडं होता.

म्हणजे दसऱ्यालाच मोजावी लागणार. सगळ्या गावासमोर. मी मोजली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. यानं उद्या आपल्यावरच काहीतरी लिहायचं म्हणून मोजली, असं म्हणतील. तुम्ही याल का?

आपला,
बिभीषण


उमरगा, २९ सप्टेंबर २०२४

ती. दादा,

तुम्ही विचारलंत, "मी कशाला? गावाला माझं माप माहीत आहे." यावर मी तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. तिन्ही विनोदी होती.

तेव्हा ज्याच्याबद्दल लिहायचं टाळत होतो, ते लिहितो. २०१३ च्या जूनमध्ये तुम्हाला पावडर लावलेल्या नोटांसकट पकडलं. मंगळवारी पकडलं, रविवारी माझा लेख आला. 'माझ्या घरचा मापाडी.' तुमचं नाव छापलं नव्हतं. 'आमचे एक बंधू' असं छापलं होतं. मला बंधू एकच, हे जिल्ह्याला माहीत होतं. आबांनी गावातल्या रामायण सप्ताहाच्या भक्तीत इंद्रजित आणि बिभीषण, दोघांचीही नावं लंकेतून आणली होती. लोकांनी त्यावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं. लेखाच्या दीड हजार झेरॉक्स निघाल्या. मी खूश होतो, दादा. पुढच्या महिन्यात मला एक छोटा पुरस्कार मिळाला. आभाराच्या भाषणात म्हणालो, "लेखकाला नातं नसतं." टाळ्या आल्या. वहिनी दुसऱ्या ओळीत बसल्या होत्या, हे मला घरी आल्यावर तारामतीनं सांगितलं.

२०१९ साली तुम्ही निर्दोष सुटलात. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींची होती. मी तिच्यावर एक अक्षर लिहिलं नाही. विषयात विनोद नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच वर्षी वहिनी गेल्या, आणि मी चिंचवडला तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही दार उघडून, मला बघून, आत जाऊन झोपलात.

आता दिवाळी अंकात माफी छापतोय. दीड पान. सोबत मसुदा जोडलाय. निर्दोष माणसाची मी पुराव्याआधी चेष्टा केली, असं त्यात नावासकट लिहिलंय. संपादक म्हणाले, जरा हलकंफुलकं करता आलं तर बघा. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

मसुदा वाचा आणि हो किंवा नाही कळवा. छपाईला २० तारखेला जाणार. आणि दसऱ्याला या. साखळीसाठी या, माझ्यासाठी येऊ नका.

तुमचा,
बिभीषण


उमरगा, १४ ऑक्टोबर २०२४

ती. दादा,

परवा जे घडलं ते तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, तुम्हीच घडवलंत. पण तुम्ही खाली मान घालून मोजत होता, मी लोकांची तोंडं बघत होतो. म्हणून माझ्या बाजूचं लिहितो.

धोंडीबानं साखळी शिवेवर पसरली तेव्हा तुम्ही चपला काढून ठेवल्यात. तेवढ्यानं तो निम्मा विरघळला. तुम्ही एकसष्टाव्या वर्षी गुडघ्यावर बसून एकेक कडी बोटानं चाचपत सोळा आणे चालत गेलात, मग टेप लावली, मग उलट बाजूनं पुन्हा लावली. मला पस्तीस हवे होते, दादा. अख्खी पुस्तिका डोक्यात तयार होती. शीर्षकसुद्धा.

तुम्ही उठलात आणि म्हणालात, "तेहतीस. बोटभर जास्त न्हाय, बोटभर कमी न्हाय. कड्या सगळ्या मूळच्या."

पुढचा गोंधळ तुम्हाला ऐकू आला असेल, पण दिसला नसेल. बायकांनी साखळीला पुन्हा ओवाळलं. हलगी सुरू झाली. धोंडीबा मला म्हणाला, "बगा, म्हणलो न्हवतो?" अयोध्याताईंनी माईक घेतला आणि साहेब प्रामाणिक असल्याचं इंद्रजित अण्णांनी सिद्ध केलं असं जाहीर केलं. यंदाचे मानकरी अधिकारी आलेच नव्हते. त्यांना त्याच आठवड्यात कुणीतरी पकडून दिलं, हे मंडपात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. शाल आणि नारळ ताटात तसेच. ताईंनी इकडंतिकडं बघितलं आणि तुमचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. धोंडीबासुद्धा वाजवत होता.

तुम्ही शाल घेतलीत तेव्हा तुमचा चेहरा बघून मला वाटलं, अकरा वर्षांचं फिटलं. आता माफी छापली की झालं. मी एवढा मूर्ख आहे हे माझ्या वाचकांना कळायला हवं.

जळकोटच्या फाट्यावर सोलापूरच्या गाडीची वाट बघताना आपण जे बोललो, ते मी आल्या आल्या लिहून ठेवलं. शब्द चुकले असतील तर दुरुस्त करा.

मी म्हणालो, "साखळी खरी निघाली. म्हणजे साहेब खरा."

तुम्ही हसलात. "येडा हायेस का? साखळी खरी हाय म्हणून तर मागं ठिवली. आमच्या हापिसात बी एक खरी टेप होती. पेटीत. वरचा साहेब तपासणीला आला की काढायची. पंचवीस वर्षांत तिच्यावर वरखडा न्हवता. तुज्या त्या साखळीवर तरी कुठं झीज हाय? वर्षानुवर्षं रानोमाळ ओढलेली साखळी अशी ऱ्हाती का? जी कामाची व्हती ती घेऊन गेला त्यो. बिनकामाची देवाला वाहिली."

"मग गावाला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी लांबी इचारली. म्या लांबी सांगितली."

दोन ट्रक गेले.

"ती माफी छापू नको, बिभीषण."

"का? तुम्ही निर्दोष सुटलात."

"तक्रार दिलेला त्यो गडी साक्ष फिरवून गेला. का फिरवली ते त्याला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. तुज्या त्या लेखात खोटं एकबी वाक्य न्हवतं. आसतं तर म्या त्याच रातच्याला तुज्या दारात यिऊन भांडलो आसतो. भांडाय जागा ठिवली न्हाईस तू."

गाडी आली. शाल तुम्ही माझ्या गाडीच्या हँडलला अडकवलीत आणि चढलात. मी हात केला. तुम्ही पलीकडच्या खिडकीत बसला होता.

काल अयोध्याताईंच्या ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं. साहेबाचं, तुमचं नाही.

"म्हंजे साहेब खात होता."

"हो."

"आन् आपल्या गावाला दिलं ते कुठलं?"

"ओढ्यापलीकडच्यांचं काढून दिलं. त्यांच्या सातावर आठाचा सारा लावला."

"माजं माहेर पलीकडचंच हाय," त्या म्हणाल्या. "लिवा. जसं हाय तसं लिवा. आन् पुरस्काराला दुसरं नाव सुचवा. इंग्रजाचं नको, पुढाऱ्याचं नको, मेलेल्याचं नको. जित्या माणसाचं तर अजिबात नको."

म्हणजे पुस्तिका खरी होणार. माफीचं दीड पान मी अंकातून काढून घेतलंय. त्याच्या जागी दुसरं काहीतरी द्यायचं आहे, आणि त्यासाठी हे पत्र.

तुम्ही गेल्यापासून मी एक गोष्ट आठवतोय, आणि ती मला नव्यानं आठवलेली नाही. १९९४ साली मी सोलापूरला शिकत होतो. तुमचा पगार किती होता मला माहीत होतं, कारण आबा तो सगळ्यांना सांगायचे. त्यात आबांचं औषध, वहिनी, लहान शिवांजली आणि माझी खानावळ बसत नव्हती, हे चौथीच्या पोरालाही कळलं असतं. माझे पैसे दर महिन्याला यायचे. मनीऑर्डरनं कधी आले नाहीत. दर वेळी वेगळा माणूस होस्टेलच्या दारात उभा असायचा, लोहाऱ्याकडचा नाहीतर सास्तूरकडचा. "इंद्रजित सायबांनी दिल्यात," म्हणायचा आणि पाणीही न पिता निघून जायचा. भूकंप होऊन चार-पाच महिने झाले होते. नव्या गावांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या. मोजणीला तुम्ही होता.

मी विचारलं नाही. सगळ्या जगाला खोचक प्रश्न विचारून घर चालवलेला माणूस मी, हा एक प्रश्न मी तीस वर्षं कुणालाही विचारला नाही. त्या लेखात मी तुमची टेप, तुमची मोटरसायकल, वहिनींच्या पाटल्या, सगळं आणलं. माझी खानावळ आणली नाही.

त्यातला एक माणूस मला स्पष्ट आठवतो. पन्नाशीचा, उंच, मिशा पांढऱ्या. अंगात मदतीत आलेला स्वेटर होता, मुंबईच्या कुठल्यातरी शाळेचा, छातीवर बिल्ला असलेला, बाह्या कोपरापर्यंतच पुरणाऱ्या. त्यानं स्वेटरच्या आतून पैसे काढले, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "शिका मालक."

तो गेल्यावर मी खोलीत जाऊन पोरांना त्याची नक्कल करून दाखवली. आखूड बाह्या ओढत, "शिका मालक, शिका मालक." पोरं लोळून लोळून हसली. माणसांना हसवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळी अंकात मला त्याच्याबद्दल लिहायचं आहे. तो हयात असला तर आधी त्याच्याकडं जायचं आहे, आणि तुम्ही सोबत आलात तर बरं होईल. एकट्यानं गेलो तर मी तिथंही काहीतरी विनोद करीन.

त्याचं घर कुठं पडलं, कुणाकुणाला पुरून आला होता, तुम्ही त्याचं काय मोजलंत, काही माहीत नाही. दादा, त्याचं नाव काय होतं?

तुमचा,
बिभीषण